साहेबांचं खोटं वजन

शिकवणी घ्यायची असं साहेबांनी ठरवलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि तेही तोंडात घास असताना. ऐकणाऱ्यांना शब्द नीट कळले नसतील असं धरून माघार घ्यायला जागा होती. पण माघार साहेबांच्या रक्तात नव्हती. त्यांची सून रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती; तिला विचारलं असतं तर तिनेही तसंच लिहून दिलं असतं.

निमित्त होतं बारकीचं. बारकी म्हणजे साहेबांची एकुलती एक नात, इयत्ता आठवी, आणि आठवीच्या पहिल्याच चाचणीत गणितात नापास. सुनेने आरडाओरडा केला नाही. तिने ग्लासात पाणी ओतता ओतता सांगितलं, "सहामाहीत पास झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या सत्रापासून ती ताईकडे राहील." ताई म्हणजे सुनेची थोरली बहीण, परगावच्या एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका. त्या शाळेत मुली पहाटे उठतात, रांगेत दात घासतात आणि गणितात पास होतात, अशी ख्याती होती. दुसऱ्या दिवशी सुनेने चाकांची एक निळी बॅग आणली आणि लेबल न काढता बाहेरच्या खोलीत भिंतीशी उभी केली. ही धमकी नव्हती. सून धमक्या देत नसे, अहवाल देत असे.

साहेबांचा मुलगा कामासाठी दूर असे. त्याचं मत फोनवर विचारण्यात आलं. "तुम्हाला सगळ्यांना योग्य वाटेल ते करा," असं तो म्हणाला, आणि ते मत नेहमीप्रमाणे फोनमध्येच ठेवून देण्यात आलं.

तेव्हा साहेब म्हणाले, "मी शिकवतो तिला."

आजी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, जेवता जेवता थांबल्या. "अहो, तुम्ही? तुम्ही पोस्टमनशी बोलता तेसुद्धा त्याला नोटीस दिल्यासारखं."

यात तथ्य होतं. साहेब वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासण्यात त्यांची हयात गेली. ते रस्त्याच्या टोकाला दिसले की दुकानदार न विचारता खुर्ची पुसायला घेत. अजूनही त्यांना पाहिलं की भाजीवाली आपणहून दोन टोमॅटो जास्त टाकी आणि साहेब ते काढून परत ठेवत, कारण जास्त वजन हेसुद्धा चुकीचंच वजन. नोकरी सुटली होती, पण नजर सुटली नव्हती.

मग त्यांनी हे का ओढवून घेतलं? कारण सरळ होतं, पण ते साहेबांनी कोणाला सांगितलं नाही. बारकी शाळेतून आली की दोघं खिडकीशी चहा घेत. ती शाळेतल्या भानगडी सांगे आणि आजीची पाठ वळली की आजोबांच्या कपात अर्धा चमचा साखर सोडी. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. साहेबांनी उभ्या आयुष्यात चालवून घेतलेला गैरव्यवहार एवढाच. ती निळी बॅग खोलीतून बाहेर पडली की चहा राहणार होता, पण बिनसाखरेचा.

एका बंद पडलेल्या कार्यालयातून त्यांनी फळा आणला. भिंतीला खिळा ठोकायला आजींनी परवानगी दिली नाही, म्हणून तो निळ्या बॅगेला टेकवून ठेवावा लागला. पहिल्या दिवशी बारकी एकटीच असायची होती. पण शेजारच्या दंतवैद्यांना भिंतीपलीकडून बेत ऐकू आला, आणि त्यांनी बारकीच्याच वर्गातली आपली जुळी मुलं पाठवून दिली. "बारकीला सोबत," असं ते म्हणाले. दंतवैद्य लोक दुखणार नाही असं सांगूनच सुरुवात करतात.

साहेबांनी फळ्यावर एक शेत काढलं. बाजू सात आणि आठ. क्षेत्रफळ लिहिलं, चोपन्न. मग पुढचं समीकरण मांडायला लागले.

"साहेब," जुळ्यांपैकी एक म्हणाला, "छप्पन्न."

स्वयंपाकघरातला चमचासुद्धा थांबला. साहेबांनी खडू खाली ठेवला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. माणसाचा बाणेदारपणा किती वेळात गोळा होतो याचं काही माप नाही, पण साधारण चष्म्याच्या दोन काचा पुसून होईतो तो गोळा होत असावा.

"शाबास," ते म्हणाले. "हेच बघत होतो. आमच्या खात्यात नव्या उमेदवाराला कसं शिकवत, माहीत आहे? पितळी वजनांची रांग मांडायची आणि त्यात एक खोटं वजन गुपचूप ठेवायचं. जो ते उचलून दाखवेल तो निरीक्षक. मी रोज इथे एक खोटं वजन ठेवणार. सापडलं नाही तर मी जिंकलो."

खात्यातली गोष्ट खरी होती. चोपन्न मात्र मुद्दाम नव्हते. पण खऱ्या गोष्टीच्या पोत्यात घातलं की एवढं तेवढं खपून जातं, हे वजनमापे निरीक्षकाला दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

आणि गंमत अशी की युक्ती चालली. भलतीच चालली. गणित म्हटलं की पोट दुखणारी जुळी वेळेआधी येऊन बसू लागली. फळ्यावरची एकेक ओळ ती अशी बघत, जशी पूर्वी साहेब तेलाचं माप बघत. साहेब घसा खाकरत, एक आकडा हळूच वाकडा करत, आणि पुढच्या क्षणी चहूकडून हात वर होत. काही दिवशी एकाऐवजी दोन-तीन खोटी वजनं निघत. "साहेब आज रंगात आहेत," असं मुलं म्हणत. साहेब यावर काही बोलत नसत. लक्षात आलेली प्रत्येक गोष्ट नोंदवायची नसते, हे त्यांना निवृत्तीनंतर समजलं होतं. वर्ग सुटला की फळा पुसायला बारकी मागे थांबे, आणि एवढासा फळा पुसायला तिला फार वेळ लागे.

बातमी जिन्याने वर गेली आणि खालीही गेली. रोज नवं मूल. लाँड्रीवाल्यांची मुलगी, तीही त्याच वर्गातली, इस्त्रीचे कपडे द्यायला आली ती बसूनच राहिली. मग पालकांच्या सूचना सुरू झाल्या. दंतवैद्य म्हणाले, "साहेब, गणितानंतर थोडा वेळ उरतोच, तेवढ्यात विज्ञान उरकून टाका." लाँड्रीवाले म्हणाले, "आमच्या पोरीचं इतिहासाशी जमत नाही, जरा ओळख करून द्या." जणू इतिहास चौथ्या मजल्यावर राहायचा आणि साहेबांचं त्याच्याकडे जाणंयेणं होतं.

साहेबांना इतिहास येत नव्हता. तपासणी येत होती. "राजा दहा हजार घोडेस्वार घेऊन निघाला," असं मुलीने वाचलं की ते विचारत, "मोजले कोणी? चारा कुठून आणला? मोजणारा राजाच्याच पगारावर होता की काय?" मुलांनी इतिहास इतका मन लावून पूर्वी कधी ऐकला नव्हता. पुढच्या चाचणीत लाँड्रीवाल्यांच्या मुलीने युद्धाच्या कारणांऐवजी लिहिलं, 'पुस्तकात कारणं दिली आहेत, पण ती जिंकलेल्याच्या तराजूवर तोललेली आहेत. दुसरा तराजू पाहायला मिळाला नाही.' इतिहासाच्या सरांनी त्या उत्तराला गुण दिले नाहीत, पण ते कापलंही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

निबंधाच्या तासाला जुळ्यांपैकी एकाने 'माझी आई' वाचून दाखवला. 'आई कधीच चिडत नाही,' या वाक्याला दुसऱ्याने हात वर केला. तारीखवार पुरावे दिले. दाराशी त्यांना न्यायला आलेली आई उभी होती. दंतवैद्यांच्या घरून त्यानंतर बरेच दिवस कोणी हसून बोललं नाही.

आता इमारतीच्या सेक्रेटरींबद्दल. त्यांना जिन्यात चपला आवडत नसत, आणि साहेबांच्या दारापुढे चपलांचा बाजार भरू लागला होता. त्यांनी सूचनाफलकावर सूचना लावली. टाकीत किती पाणी मावतं, मजल्यागणिक किती जातं, असे आकडे देऊन बाहेरची मुलं आल्याने पाणी कसं कमी पडतं हे सिद्ध केलं होतं. संध्याकाळी त्या सूचनेवर लाल वर्तुळ उमटलं. शेजारी मुलांच्या अक्षरात, 'खोटं वजन. बेरीज पुन्हा करावी.'

सेक्रेटरी कागद हातात घेऊन आले. "साहेब, ही मुलं शिकतायत की धाडी घालतायत?"

"दोन्हींत फरक काय?" साहेबांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"फरक पालिका सांगेल," सेक्रेटरी म्हणाले. "राहत्या घरात शिकवणी म्हणजे धंदा. परवानगी काढा."

म्हणून साहेब पालिकेत गेले. ज्या सरकारी बाजूला आयुष्य काढलं, तिच्या खिडकीबाहेर उभं राहिलं की पाय लवकर दुखतात. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"फी?"

"फी घेत नाही."

"मग ही शिकवणी नाही."

"म्हणजे परवानगी लागणार नाही?"

"लागणार. पण मिळणार नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "रिकामा रकाना पुढच्या टेबलावर जात नाही, काका. काहीतरी लिहा."

पूर्वी हेच वाक्य साहेबांनी कितीतरी दुकानदारांना ऐकवलं होतं, फक्त 'काका' न म्हणता. त्यांनी विचार करून सांगितलं, "मुलं खडू आणतात."

"दरमहा?"

"संपेल तेव्हा."

"संपेल तेव्हा चालत नाही. दरमहा लिहा." आणि फीच्या रकान्यात 'खडू, दरमहा' असं लिहून अर्ज पुढच्या टेबलाकडे रवाना झाला. तिथून तो आणखी पुढच्या टेबलाकडे गेला. खडूवर कर किती, हा प्रश्न त्या पालिकेत पहिल्यांदाच उपस्थित झाला होता, आणि तो कोणाला चटकन सोडवायचा नव्हता.

या सगळ्यात सहामाही आली. परीक्षेआधी साहेबांनी मुलांना ओळीने बसवून शेवटचा उपदेश केला. "घाबरायचं नाही. आधी सगळं नीट बघायचं. संशय घ्यायचा. मगच हात लावायचा." वाक्य चांगलं होतं. दुकानात शिरताना अगदी योग्य होतं.

निकालाच्या आधीच शाळेतून बोलावणं आलं. गणिताच्या बाईंनी साहेबांना शिक्षकखोलीत बसवलं. खुर्च्या सगळ्या वह्यांखाली होत्या, त्यामुळे लहान मुलांच्या बाकावर. गुडघे हनुवटीपाशी आले. दुकानदार पुसून देत ती खुर्ची साहेबांना त्या दिवशी फार आठवली.

बाईंनी उत्तरपत्रिका समोर ठेवल्या. जुळ्यांपैकी एकाने लिहिलं होतं, 'खोटं वजन प्रश्न चौथा,' आणि खाली सही करून कागद जवळजवळ कोरा सोडला होता. दुसऱ्याने सहावा प्रश्न पकडला होता. लाँड्रीवाल्यांच्या मुलीने अखेरपर्यंत हार मानली नव्हती. 'खोटं वजन अजून सापडलं नाही. पेपर काढणाऱ्या बाई हुशार आहेत. शोध चालू आहे,' एवढ्यावर घंटा झाली होती. बाकीच्यांचंही कमीजास्त हेच.

"साहेब," बाई म्हणाल्या, "पेपरात खोटं वजन नव्हतं."

"मला कल्पना आहे."

"त्यांना नव्हती." बाई रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच साहेबांना जड गेलं. "ही मुलं हुशार झालीयत. वर्गात माझ्या दोन चुका त्यांनी धरल्या, मी मान्य केल्या. पण आता एखादी गोष्ट बरोबर आहे, यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. बरोबर उत्तर आलं की ती खोडतात. पंधरवड्याने फेरपरीक्षा घेते. तोवर हे तुम्हीच निस्तरा. माझं ऐकणार नाहीत ती."

साहेबांनी मान हलवली. एक प्रश्न त्यांनी आल्यापासून खिशात हात घालून धरून ठेवला होता. तो आता बाहेर काढला. "आणि माझी नात?"

"ती पास आहे. चांगली पास आहे."

"तिने कुठला प्रश्न पकडला?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "तिने नुसते सोडवले."

घरी जाताना बारकी बरोबर होती. साहेब एरवी फुटपाथवरून चालताना दुकानांच्या तराजूंकडे बघत चालत. त्या दिवशी ते समोर बघत होते.

"बारके, तू खोटं वजन का नाही शोधलंस?"

"वेळ नाही मिळाला, आजोबा."

उत्तर पटकन आलं होतं. फार पटकन. असं उत्तर देणाऱ्या दुकानदाराचं साहेब गल्ल्याखालचं फडकंसुद्धा उचलून बघत. ते थांबले. "पुन्हा सांग."

बारकीने चपलेच्या टोकाने एक खडा सरकवला. "तुम्ही रागावाल."

"रागावेन. सांग."

"तुम्ही मुद्दाम चूक करता ना, तेव्हा आधी घसा खाकरता. पहिल्या दिवशी खाकरला नव्हतात. चोपन्न लिहून तुम्ही चष्मा पुसलात." ती जरा थांबली. "मुद्दाम करणारा माणूस चष्मा कशाला पुसेल?"

एक सायकलवाला घंटी वाजवून त्यांना वळसा घालून गेला.

"मग मी बघायला लागले," बारकी म्हणाली. "घसा असेल तर बाकीची शोधतात. चष्मा असेल, किंवा काहीच नसेल, ते मी शोधायचे. कोणाला सापडलं नाही तर सगळे गेल्यावर फळ्यावर नीट करून बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वह्यांत दुरुस्त करायला सांगायचे. म्हणायचे, आजोबांनी सांगितलंय."

"पुष्कळ असत?"

"हल्ली जरा जास्त," बारकी म्हणाली. मग घाईने म्हणाली, "पण त्यामुळेच मला गणित यायला लागलं. खरी चूक कुठे असेल ते सांगता येत नाही ना, म्हणून सगळंच करून बघावं लागतं."

"आणि पेपर?"

"पेपर बाईंनी काढला होता. तो कशाला खोटा असेल?"

रस्ता तोच होता, दुकानं तीच होती. एवढ्या वर्षांत साहेबांनी कितीक वजनं जप्त केली होती. गुळगुळीत झालेली, झिजलेली. झिजलेल्या वजनाचा मालक नेहमी तेच सांगे, साहेब, मुद्दाम नाही हो, वापरून वापरून झालंय. आणि साहेब त्याला सांगत, कारण काहीही असो, कमी ते कमी. ते त्यांना आठवलं, आणि आपण ते किती ठणकावून सांगत असू तेही आठवलं.

घरी सुनेने, बाईंनी बारकीपाशी आधीच देऊन ठेवलेला निकाल वाचला. दोनदा वाचला. "पास," ती म्हणाली. मग साहेबांकडे पाहून म्हणाली, "बाकी मुलांचं ऐकलं मी. दंतवैद्य जिन्यात भेटले."

"हो," साहेब म्हणाले.

"हिची मात्र तयारी छान करून घेतलीत, बाबा."

साहेबांनी तोंड उघडलं. बारकीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. आजींची पाठ वळली नव्हती, त्या समोरच उभ्या होत्या. तरी त्यांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. चहा गोड होता. साहेबांचं बोलायचं तेवढं राहून गेलं.

सुनेने फळा बाजूला केला, निळी बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली. लेबल अजून तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पालक मुलं पाठवतील असं कोणाला वाटलं नव्हतं, पण बाईंनी निरोप धाडला होता की फेरपरीक्षेची तयारी साहेबांकडेच होईल. मुलं आली. त्यांच्यामागून जिन्यात चपला मोजायला सेक्रेटरी आले आणि दारातच उभे राहिले. फळ्याला टेकायला आता बॅग नव्हती, म्हणून आजींनी न बोलता हातोडी आणि खिळा आणून दिला होता.

"साहेब," लाँड्रीवाल्यांच्या मुलीने वही उघडली, "आज खोटं वजन कितवं?"

"आजपासून खोटं वजन बंद," साहेब म्हणाले. "फळ्यावर लिहीन ते बरोबर समजून लिहीन. त्यात चूक निघाली तर ती चूक. माझी."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हाही डाव असावा, असं जुळ्यांना वाटलं असणार.

"आणि आधीच्या?" एका जुळ्याने विचारलं. "त्या मुद्दाम होत्या ना?"

शेवटच्या रांगेत बारकी स्वतःच्या पायांकडे बघत होती. दारातले सेक्रेटरी आत पाऊल टाकून उभे राहिले.

"काही होत्या," साहेब म्हणाले. "काही नव्हत्या."

"पहिल्या दिवशीचे चोपन्न?"

"ते नव्हते."

कोणी हसलं नाही. सेक्रेटरींना हसायची फार संधी होती. पण त्यांना आपली टाकीची बेरीज आठवली असावी. ते चपला न मोजता खाली गेले.

साहेबांनी खडू उचलला. फेरपरीक्षेतलं म्हणून एक सोपं समीकरण मांडलं. दुसरी ओळ लिहिली, तिसरी लिहिली, आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर हात थांबला. वर काहीतरी वजा व्हायचं राहिलं होतं. कुठे, ते चटकन दिसेना.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कोणीतरी घसा खाकरला. मुलांचे चेहरे उजळले. दोन हात अर्धे वरही गेले.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. खडू खाली ठेवला, चष्मा काढला, सगळ्यांना दिसेल असा धरून सावकाश पुसला, आणि डोळ्यांवर चढवून डस्टर उचललं.